न मिटणारी चोच

पूर्ण वाढलेल्या मुग्धबलाकाने चोच मिटली तरी ती पुरती मिटत नाही. तोंडाशी दोन्ही जबडे जुळतात, पार टोकालाही जुळतात; मधल्या भागात मात्र एक लांबट फट उरते आणि तिच्यातून पलीकडचे पाणी, गवत, आभाळ आरपार दिसते. वरचा जबडा किंचित कमानदार, खालचा मधेच खाली वाकून टोकाशी पुन्हा वर आलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, की पक्ष्याला इजा झाली असावी, किंवा चोचीत काहीतरी अडकले असावे. पण शेजारच्या दुसऱ्या पक्ष्याची चोचही तशीच, तिसऱ्याचीही तशीच. या फटीवरूनच त्याला ‘उघड्या चोचीचा करकोचा’ असेही म्हणतात. निसर्गात एखादा अवयव असा चमत्कारिक दिसला, की त्याचा उपयोग काय हा प्रश्न लगेच मनात येतो, आणि बहुतेक वेळा उत्तरही तितक्याच लगेच सुचते. मुग्धबलाकाच्या बाबतीत सुचलेले उत्तर इतके पटण्याजोगे होते, की मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही ते मान्य केले. ते बरोबर नव्हते. पक्षी कसा दिसतो यावरून तो कसा जगतो हे ठरवू नये. तो जेवतो कसा हे आधी पाहावे आणि मग त्याच्या रूपाचा अर्थ लावावा, हे या पक्ष्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी शिकवले असेल. आणि हा धडा प्राणिशास्त्राच्या वर्गापुरता नाही. या पक्ष्याला राखायचे तर नेमके काय राखायला हवे, याचे उत्तरही त्याच्या जेवणातच आहे.

आधी त्याचे रूप नीट पाहू. मुग्धबलाक हा करकोच्यांच्या कुळातला, पण त्या कुळाच्या मानाने लहान चणीचा. उभा राहिला की त्याची उंची साधारण ६८ सेंटिमीटर भरते. अंग पांढरे किंवा राखी, पंखांची मोठी पिसे आणि शेपूट काळी. उन्हात या काळ्या रंगावर हिरवट-जांभळी झाक चमकते. हा पांढरेपणा वर्षभर टिकत नाही. विणीच्या हंगामात अंग स्वच्छ पांढरे होते, हंगाम सरला की त्यावर धुरकट राखाडी छटा चढते. त्यामुळे एकाच तळ्यावर वर्षाच्या दोन टोकांना पाहिलेले पक्षी दोन वेगळ्या जातींचे वाटू शकतात. पाय तोकडे, फिकट गुलाबी किंवा राखी. विणीच्या सुमारास ते तांबूस होतात. चोच मात्र कोणत्याही ऋतूत मळकट शिंगासारख्या रंगाचीच. उडताना तो मान पुढे ताणतो, म्हणून आकाशात तो बगळ्यापासून लगेच ओळखू येतो, कारण बगळा उडताना मान मागे घेऊन आखडून ठेवतो. ऊन तापले की वर चढणाऱ्या गरम हवेवर स्वार होऊन मुग्धबलाकांचे थवे पंख न हलवता गिरक्या घेत उंच जातात. दुरून पाहिला तर हिवाळ्यात येणाऱ्या पांढऱ्या करकोच्याशी त्याची गल्लत होते, कारण पांढरे अंग आणि काळे पंख दोघांचेही. पण त्या पाहुण्याची चोच लालभडक असते आणि ती व्यवस्थित मिटते. याच वंशातला दुसरा करकोचा आफ्रिकेत राहतो. तो जवळजवळ सगळाच काळा, पण चोचीतली फट दोघांचीही सारखीच. हजारो मैलांच्या अंतरावर राहणाऱ्या दोन भावंडांत रंग बदलला आणि फट तेवढी टिकली, याचा अर्थ ती अपघाताने आलेली नाही. तिचा संबंध जगण्याशी आहे. कोणत्या प्रकारे, एवढाच प्रश्न उरतो.

या पक्ष्याचे मुख्य अन्न म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या गोगलगायी. त्यातही पायला वंशाच्या, म्हणजे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून आणि प्रयोगशाळेतून ओळखीच्या झालेल्या गोलसर शंखाच्या गोगलगायी. एकीकडे टणक, गोल, गुळगुळीत शंख. दुसरीकडे मधे फट असलेली मजबूत चोच. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की अडकित्त्यात सुपारी धरावी तसा शंख फटीत धरून हा पक्षी तो फोडत असणार, हे उत्तर आपोआप पुढे येते. विसाव्या शतकातले नामवंत जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी १९६० साली या चोचीवर लिहिलेल्या सविस्तर निबंधात हाच निष्कर्ष काढला. हक्सले म्हणजे हौसेखातर लिहिणारा लेखक नव्हे. उत्क्रांतिशास्त्राच्या आधुनिक मांडणीत ज्यांचा मोठा वाटा आहे असे ते अभ्यासक, आणि युनेस्कोचे पहिले महासंचालक. त्यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले, जुने लेखन वाचले. या पक्ष्याच्या वरच्या जबड्याच्या कडा टोकाकडे खडबडीत असतात, हे त्यांच्या लक्षात आले. शंख फोडून फोडून कडांची झीज झाली असणार, असा त्यांनी अर्थ लावला. तर्क एकसंध होता: फट आहे, ती शंखाच्या मापाची आहे, कडा झिजलेल्या दिसतात, आणि पक्षी शंखातलेच मांस खातो. यात उणीव एकच होती. हे सगळे पुरावे मेलेल्या पक्ष्याच्या चोचीचे होते, जेवणाऱ्या पक्ष्याचे नव्हते.

उणीव राहण्याला कारणही होते. मुग्धबलाक जेवतो ते पाण्याखाली. उथळ, गढूळ पाण्यात तो सावकाश चालतो, चोचीची टोके किंचित विलग ठेवून ती भराभर चिखलात खुपसतो. पुष्कळदा डोके आणि मानेचा काही भागही पाण्यात जातो. गोगलगाय सापडली तरी पुढची सगळी झटापट बहुतेक वेळा पाण्यातच होते. काठावरच्या माणसाला दिसते ते एवढेच, की पक्ष्याने मान खाली घातली, काही क्षण डोके हलत राहिले, मग मान वर आली आणि काहीतरी गिळले गेले. शंख फुटला की नुसता रिकामा झाला, हे दिसतच नाही. तरीसुद्धा हक्सले यांच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी एका माणसाने महत्त्वाची गोष्ट टिपून ठेवली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत शल्यचिकित्सक असलेले थॉमस जर्डन यांचा भारतातल्या पक्ष्यांवरचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. डोळे झाकले असतानाही हा पक्षी गोगलगायी पकडू शकतो, असे त्यांनी नोंदवले होते. म्हणजे हे काम नजरेचे नाही, स्पर्शाचे आहे. ज्याचा घास गढूळ पाण्याच्या तळाशी लपलेला असतो, त्याला डोळ्यांचा तसाही फारसा उपयोग नसतो. चोचीच्या टोकाला काय लागले, दगड की शंख, शंखाची पाठ लागली की तोंड, हे सगळे त्या टोकालाच ओळखावे लागते.

पुढे अमेरिकी संशोधक फिलिप काल यांनी जगभरच्या करकोच्यांचा प्रत्यक्ष निवासस्थानी जाऊन अभ्यास केला आणि १९७१ साली या उघड्या चोचीच्या करकोच्यांच्या आहारावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्या आणि नंतरच्या निरीक्षणांतून जे चित्र उभे राहिले ते असे. पायलाचा शंख म्हणजे बंद दाराची खोली असते. धोका जाणवला, की गोगलगाय अंग आत ओढते आणि शंखाच्या तोंडावर चुन्याची टणक झडप घट्ट बसवते. ही झडप बाहेरून उचकटणे सोपे नाही, कारण आतला स्नायू तिला धरून ठेवतो. तोच स्नायू गोगलगायीला शंखाच्या मधल्या खांबाशी बांधून ठेवतो. मुग्धबलाक वरच्या जबड्याच्या टोकाने शंख चिखलावर दाबून धरतो. मग खालच्या जबड्याचे बारीक टोक झडपेच्या कडेने आत सरकवतो. हे टोक पुष्कळ पक्ष्यांत जरासे उजवीकडे वळलेले असते, आणि वळणदार शंखाच्या पोटात शिरायला ते सोयीचे पडते. आत तो स्नायू सुटला, की झडपेचा जोर संपतो आणि मऊ मांस ओढून काढता येते. शंख बहुधा अखंडच मागे राहतो. लहान गोगलगाय असेल तर तो एवढा खटाटोप करत नाही. सरळ गिळतो, नाहीतर चिरडतो. पण मोठ्या शंखाच्या बाबतीत हे काम बळाचे नसून कौशल्याचे आहे. आणि या सगळ्या कामात मधल्या फटीला करण्यासारखे काहीही नाही. शंख कधी फटीत जातच नाही.

अडकित्त्याच्या कल्पनेविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र पिल्लांनी दिला आहे. मुग्धबलाकाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या चोचीत फट नसते. ते मोठे होते, त्याला पंख फुटतात, ते घरटे सोडते, तरी चोच इतर करकोच्यांसारखी सरळ आणि मिटणारीच असते. फट वयाबरोबर हळूहळू तयार होते. आता शंख फोडण्यासाठीच फट असती, तर या तरुण पक्ष्यांची उपासमार व्हायला हवी होती. तसे होत नाही. फट नसलेले तरुण पक्षीही गोगलगायी शोधतात आणि खातात. ज्या साधनावाचून काम चालते, ते त्या कामाचे मुख्य साधन असू शकत नाही. यावर एक आक्षेप घेता येईल: मग जबड्याच्या कडांची ती झीज कशाची? केनेथ गॉस्नर यांनी १९९३ साली याच कडांवर लिहिताना वेगळा विचार मांडला. या कडा झिजून खडबडीत झालेल्या नाहीत, त्या मुळातच तशा घडतात. बारीक कुंचल्यासारखे तंतू कडेला दाटीने उभे असतात, आणि कठीण कवचाचे अन्न हाताळणाऱ्या इतरही काही पक्ष्यांत अशी रचना आढळते. ओला, शेवाळलेला, गोल शंख गुळगुळीत कडेवरून निसटून जाईल. खरखरीत कड त्याला पकडून ठेवते. हक्सले यांना जी नासधूस वाटली ती खरे तर रचना होती. एकच खूण दोन प्रकारे वाचता येते, आणि कोणते वाचन खरे हे खुणेकडे टक लावून कळत नाही. त्यासाठी पक्ष्याच्या रोजच्या वागण्याकडे जावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. फट शंख फोडण्यासाठी नाही हे मान्य केले, तरी ती आहे कशासाठी? निरुपयोगी गोष्ट दोन खंडांतल्या दोन जातींत लाखो वर्षे टिकेल कशी? यावर सुचवले गेलेले एक स्पष्टीकरण यंत्रशास्त्राचे आहे. दोन सरळ जबडे तोंडाशी बिजागरीने जोडलेले असले आणि त्यांच्यामध्ये काही धरायचे असले, तर टोके त्या वस्तूवर तिरकी टेकतात आणि घसरण्याचा संभव वाढतो. जबडे मधे बाहेरच्या बाजूला वाकलेले असले, तर टोके एकमेकांकडे जास्त उभ्या कोनात येतात आणि जोर थेट टोकांवर पडतो. ज्या पक्ष्याची सगळी करामत चोचीच्या शेवटच्या भागात आहे, त्याला हा फायदा मोलाचा. या विचाराने पाहिले तर फट हे हत्यार नाही. टोकांना हत्यार बनवताना जबड्यांना जो बाक आला, त्याची ती उरलेली मोकळी जागा आहे. आपण नेमके त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिलो आणि काम करणारी टोके नजरेतून सुटली. तरुण पक्षी सरळ चोचीनेही जेवतात, याने या स्पष्टीकरणाला बाध येत नाही. ज्याने काम सोपे होते आणि ज्यावाचून काम अडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुग्धबलाकाच्या भावकीतल्या इतर करकोच्यांशी तुलना केली की हा मुद्दा आणखी उघड होतो. अमेरिकेतला वुड स्टॉर्क चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात उभा राहतो आणि मासा चोचीला लागला की ती सेकंदाच्या चाळिसाव्या भागात मिटते, हे फिलिप काल आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोजून दाखवले. मासा पळतो, म्हणून तिथे वेग लागतो. गोगलगाय पळत नाही, ती दार लावून घेते. म्हणून इथे वेग कामाचा नाही, टोकाची नेमकी पकड कामाची. घास बदलला की चोच बदलते. पण चोच पाहून घास ओळखता येतोच असे नाही.

आता त्या घासाकडे वळू, कारण मुग्धबलाकाचे सगळे वर्ष गोगलगायीच्या वर्षाला बांधलेले आहे. पायला ही दोन परींनी श्वास घेणारी गोगलगाय आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेण्यासाठी तिला कल्ला असतो आणि हवेसाठी फुप्फुसासारखी पोकळी. त्यामुळे आटत्या, कोंदट पाण्यातही ती तग धरते. उन्हाळ्यात तळे सुकू लागले की ती चिखलात शिरते, झडप बंद करते आणि पाऊस येईपर्यंत निपचित पडून राहते. पहिल्या जोरदार पावसाने जमीन भिजली की बाहेर येऊन चरायला आणि अंडी घालायला लागते. उत्तर भारतात मुग्धबलाकाची वीण जुलै ते सप्टेंबरमध्ये होते. दक्षिणेत आणि श्रीलंकेत, जिथे परतीचा पाऊस मोठा, तिथे ती नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते. दुष्काळी वर्षी पक्षी घरटी बांधतच नाहीत असेही घडते. झाडांवर शेजारी शेजारी शेकडो घरटी असतात. दोन ते पाच अंडी, पंचविसेक दिवसांची उबवण, आणि पुढे महिनाभराहून अधिक काळ पिल्लांना भरवणे. आईबाप दिवसभर खाल्लेले अन्न घरट्यात ओकून पिल्लांपुढे टाकतात, आणि त्यात गोगलगायींचे मांस मुख्य. पश्चिम बंगालमध्ये रायगंजजवळचे कुलिक अभयारण्य, ओडिशातील भितरकनिका, राजस्थानातील भरतपूर, तमिळनाडूतील वेदांतंगल, कर्नाटकातील रंगनथिट्टू या नामांकित वसाहतींपैकी कोणतीही घ्या. भोवताली उथळ पाणी आणि मऊ चिखल आहे म्हणूनच ती तिथे आहे. पाणी हलले की पक्षीही हलतात. भरतपूरला पायात कडी घातलेले पक्षी सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला सापडले आहेत, आणि थायलंडमध्ये कडी घातलेला एक पक्षी १,५०० किलोमीटर पश्चिमेला बांगलादेशात मिळाला आहे. हे भटकणे लहरीचे नाही. चिखल आणि गोगलगाय जिथे असेल तिथे जाणे आहे.

इथे कोणी म्हणेल, की हा पक्षी तर बेडूक, पाणसाप, मोठे किडेही खातो. एकाच घासावर त्याचे अडत नाही. शिवाय तो दुर्मीळही नाही. आंतरराष्ट्रीय यादीत त्याला सर्वांत कमी चिंतेच्या गटात ठेवले आहे, आणि आग्नेय आशियात तर तो पसरतो आहे. मग त्याच्या जेवणाची एवढी काळजी कशाला? यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. आग्नेय आशियात त्याचा पसारा का वाढला, ते पाहा. दक्षिण अमेरिकेतली गोल्डन अ‍ॅपल स्नेल ही गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून आशियात आणली गेली. ती तळ्यांतून आणि शेतांतून निसटली, भाताची कोवळी रोपे फस्त करू लागली, आणि जगातल्या अत्यंत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत जाऊन बसली. थायलंडमधल्या मुग्धबलाकांना हा आयता घास मिळाला आणि त्यांची संख्या वाढली. पुढे मलेशिया, सिंगापूर, दक्षिण चीन अशा, पूर्वी ते जिथे दिसत नसत त्या प्रदेशांतही त्यांचे थवे पोहोचले. म्हणजे पक्ष्याला नवा मुलूख मिळाला तो त्याने आहार बदलला म्हणून नाही. त्याचा जुनाच आहार नव्या रूपात तिथे येऊन पोहोचला म्हणून. जी गोष्ट या पक्ष्याच्या लवचिकपणाचा दाखला म्हणून दिली जाते, तीच त्याच्या अवलंबित्वाचा सर्वांत मोठा पुरावा आहे. गोगलगाय पसरली तर तो पसरतो. ती आटली तर बेडूक आणि किडे त्याला काही काळ जगवतील, पण शेकडो घरट्यांची वसाहत पोसतील असे मानायला आधार नाही.

थायलंडच्या या उदाहरणावरून आपल्याकडेही मुग्धबलाकाला ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. आपल्याकडची पायला ही इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांत आणि खाचरांत राहत आलेली गोगलगाय आहे. तिला परक्या जातीच्या पंगतीला बसवून तिच्या शत्रूला आपला मित्र ठरवणे बरोबर नाही. पक्षी उपयोगी आहे म्हणून राखावा, हा युक्तिवाद तसाही कच्चा असतो, कारण उपयोग संपला की संरक्षणही संपते. दुसरा समज असा, की हे पक्षी भातशेतीत दिसतातच, तेव्हा दलदली गेल्या तरी शेतीवर त्यांचे भागेल. उत्तर भारतातल्या शेतीप्रधान मुलखात झालेल्या अभ्यासांतून वेगळे दिसते. आजूबाजूला सगळीकडे शेते असतानाही हे पक्षी चरण्यासाठी नैसर्गिक दलदली आणि तळी निवडतात, विशेषतः पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. उन्हाळ्यात ते पाटबंधाऱ्यांच्या कालव्यांकडे वळतात. शेत त्यांना चालते, पण ते पाणथळ जागेला पर्याय नाही. शेतावर रसायनांचा भार किती पडतो यावरही पुष्कळ अवलंबून आहे, कारण तळाशी चरणारी गोगलगाय चिखलात जे मुरते त्यातच वाढते, आणि तिला खाणाऱ्याच्या पोटात ते पुढे जाते.

महाराष्ट्रात हा विचार नेमका कुठे लागू पडतो, ते पाहू. पूर्व विदर्भातले भाताच्या खाचरांना पाणी देणारे माजी मालगुजारी तलाव, गोदावरीवरचे नांदूर मध्यमेश्वर, पैठणचा नाथसागर, भीमेवरचा उजनीचा फुगवटा: मुग्धबलाक दिसतो तो अशा ठिकाणी. नांदूर मध्यमेश्वरला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला आहे. महाराष्ट्रातले ते पहिले. या जागांमध्ये एक समान सूत्र आहे. हिवाळ्यानंतर पाणी मागे हटते आणि मागे उथळ, मऊ, उघडा काठ ठेवून जाते. माणसाच्या हिशेबात हा काठ म्हणजे वाया गेलेली जागा. म्हणून गावातल्या आणि शहरातल्या तळ्याचे सुशोभीकरण करायचे ठरले, की पहिले काम असते ते काठ दगडी भिंतीने उभा करण्याचे, त्याभोवती फरसबंदी करण्याचे आणि तळे खोल करण्याचे. पाणी वाढते, तळे छायाचित्रात छान दिसते, आणि तोकड्या पायांच्या, चिखल चाचपून जेवणाऱ्या पक्ष्याला तिथे उभे राहायला घोटाभर पाणीही उरत नाही. धरणांच्या गाळपेर जमिनीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर कसल्या जाणाऱ्या काठाच्या जमिनीत, पिकांवर मारलेले औषध पावसाळ्यात वर चढणाऱ्या पाण्याखाली जाते, तेही याच काठावर. आणि उन्हाळ्यात जलाशयांतला गाळ उपसून शेतात टाकण्याचे काम चालते तो काळ गोगलगायी चिखलात निजलेल्या असण्याचा आहे. गाळाबरोबर त्याही उचलल्या जाणार, हे त्यांच्या जीवनक्रमावरून सरळ दिसते.

यावर रास्त आक्षेप असा, की शेतकऱ्याला गाळ हवा आहे, गावाला पाणी हवे आहे. एका करकोच्यासाठी तलाव तसेच बुजू द्यायचे काय? अजिबात नाही. गाळ काढल्याने धरणाची साठवण वाढते आणि कसदार माती शेताला मिळते, हा फायदा खरा आहे आणि तो कोरडवाहू गावाला फार मोलाचा आहे. मागणी एवढीच, की सगळा तलाव एकाच मोसमात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत खरवडू नये. गाळ आळीपाळीने, भागाभागाने काढला तर उरलेल्या चिखलातल्या गोगलगायी पहिल्या पावसाला बाहेर येऊन मोकळा झालेला भाग पुन्हा वसवू शकतात. काठाचा निदान काही भाग उताराचा आणि मातीचाच ठेवला, तिथे फरसबंदी केली नाही, तर फिरायला येणाऱ्यांचे काही अडत नाही. घरटी असलेली जुनी झाडे विष्ठेमुळे सुकली तरी ती लगेच तोडू नयेत. यासाठी मोठा निधी लागत नाही. काम आखणाऱ्याने तलावाकडे पाण्याचे भांडे म्हणून न पाहता त्याच्या तळाचाही विचार करावा, एवढे पुरते.

पक्ष्यांविषयी आपल्याकडे आता पुष्कळ आस्था आहे. उजनीच्या काठी भिगवणला रोहित पक्षी पाहायला गर्दी होते, पाणवठ्यांवर पक्षिगणना होतात, तलावाच्या कडेला माहितीफलक लागतात. या सगळ्याचा आनंदच आहे. पण ही आस्था बहुतेक वेळा पक्ष्याच्या रूपापाशी थांबते, आणि रूपापाशी थांबले की काय होते हे मुग्धबलाकाच्या चोचीने दाखवून दिले आहे: ठळक दिसणाऱ्या फटीत माणसे गुंतून पडली आणि टोकाचे काम कोणाच्या ध्यानात आले नाही. संवर्धनातही तेच घडते. थवा दिसतो, म्हणून आपण थवा मोजतो. ज्या चिखलावर तो थवा पोसला जातो तो आपल्याला घाण वाटतो, म्हणून आपण तो साफ करतो. पुढच्या वेळी गावच्या तळ्याचा आराखडा ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत चर्चेला येईल, तेव्हा कारंजे किती उंच उडणार हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: या तळ्यात उन्हाळ्यात उघडा पडणारा मातीचा काठ उरणार आहे का, आणि त्या काठात गोगलगाय जगणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर मुग्धबलाक येईल, आणि त्याच चिखलावर जगणारे इतर अनेक पाणपक्षीही येतील. उत्तर ‘नाही’ असेल, तर कितीही निर्मळ पाणी भरले आणि कितीही फलक लावले, तरी ते तळे पाणपक्ष्यांच्या दृष्टीने कोरडेच राहील.